दहिसरच्या पलीकडची थंडी

गिरगावातल्या माणसाच्या मनातला मुंबईचा नकाशा दादरपासून विरळ व्हायला लागतो आणि बोरिवलीला संपतो. बोरिवलीपुढे दहिसर आहे, हे त्याने ऐकलेलं असतं. दहिसरपुढे टोलनाका आहे, हे वज्रेश्वरीला जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी त्याला सांगितलेलं असतं. नाक्याच्या पलीकडच्या सगळ्या मुलखाला तो सरसकट ‘वर’ म्हणतो. ‘अमके वर गेले’ हे वाक्य आमच्या चाळीत दोनच कारणांनी बोललं जायचं. एक, अमके वारले. दोन, अमक्यांनी भाईंदरला फ्लॅट घेतला. दोन्ही वेळी बोलणाऱ्याचा आवाज सारखाच खाली यायचा आणि ऐकणारा सारख्याच सुरात विचारायचा, ‘‘अरेरे! कधी?’’

आम्ही वर जायचं ठरवलं तेव्हा आत्या भेटायला आली. ‘‘पाणी येतं का रे तिकडे?’’ झालं, ‘‘संध्याकाळी परत यायला गाडी असते ना?’’ झालं, आणि मग तिने पिशवीतून एक जाडजूड तपकिरी स्वेटर काढला. ‘‘ह्यांनी बद्री-केदारला नेला होता. असू दे तुझ्याकडे. उत्तरेला चाललायस.’’ चर्चगेट ते भाईंदर हे रेल्वेचं अंतर साधारण ४३ किलोमीटर, आणि कुलाब्यापासून भाईंदरपर्यंत अक्षांश मोजले तर अर्धा अंशही भरत नाही. एवढ्याशा उत्तरेत लोकर लागायचं शास्त्रीय कारण नाही. पण आत्याला भूगोल सांगायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून स्वेटर घेतला.

भाईंदरला येऊन पडलेल्या माणसाची एक अडचण असते. जुन्या मुंबईकरासमोर मिरवावं असं त्याच्याकडे काही नसतं. समुद्र त्यांचा, आपली खाडी. नाटकं त्यांच्या दारात, गणपती त्यांचे नवसाचे, मिसळ त्यांच्या कोपऱ्यावरची. पत्त्यात त्यांचा पिन ४०० ने सुरू होतो, आपला ४०१ ने. जिल्हा विचारला तर ‘ठाणे’ म्हणताना उगीच घसा खाकरावा लागतो. इतिहासाचं म्हणाल तर इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली १२ जून १९८५ रोजी आणि महापालिका झाली २८ फेब्रुवारी २००२ रोजी. घोडबंदरचा किल्ला जुना आहे, पण तो पोर्तुगीजांचा. त्यावर फुशारकी मारायची तर सोयीचं पडत नाही. २०११ च्या जनगणनेत आम्ही आठ लाखांवर होतो, आणि आठ लाख माणसांना मिळून एक अभिमानाची वस्तू हवी होती.

ती नोव्हेंबरात मिळते.

त्याआधी ऑक्टोबर सोसावा लागतो. हवामान खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमाराला मुंबईतून निघतो. निघताना तो वारा सोबत नेतो आणि दमट हवा मागे ठेवतो. मग दिवाळीपर्यंत माणसं एकमेकांशी फक्त ‘काय उकडतंय!’ एवढंच बोलतात. नरकचतुर्दशीला पहाटे उठून, उटणं लावून, कडकडीत पाण्याने आंघोळ करताना घामाचा आणि पाण्याचा हिशोब लागत नाही. आणि मग, तुळशीच्या लग्नाच्या मागेपुढे केव्हातरी, पहाटे चारला आपोआप जाग येते. पायाशी काहीतरी गार लागतं. खिडकीतून येणारा वारा खाडीचा नसतो. त्याला खाडीचा वास नसतो, यावरून ते कळतं. तो उत्तरेकडून आलेला असतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता बिनदिक्कत वर सोडून देते, आणि तिला अडवायला ढग नसतात. आपण पायाने चाचपडत चादर शोधतो. सहा महिने ती नुसती घडी होऊन पडलेली असते.

सकाळी सात वाजता पहिला फोन आत्याला. ‘‘आमच्याकडे पडली बरं का! तुमच्याकडे?’’

पलीकडून पंख्याचा आवाज येतो. ‘‘छे रे, इथे घामोळं जात नाहीये अजून.’’

त्या क्षणी मुंबईबाहेर राहिल्याचे सगळे पैसे वसूल होतात.

यापुढे भाईंदरकर हवामानाचा अभ्यासक होतो. एरवी बातम्या न पाहणारी माणसं काश्मीर-हिमाचलवर लक्ष ठेवायला लागतात. हिमालयात बर्फ पडलं की दोन-चार दिवसांनी तिथला गारठा वाऱ्याबरोबर गुजरातमार्गे खाली उतरतो, हे आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला पाठ आहे. शिमल्यात बर्फ पडल्याची बातमी आली की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रजयांना ऊन दाखवायला सुरुवात होते. खरी पंचाईत आकड्यांची. मुंबईची थंडी बातम्यांत दोनच ठिकाणी मोजली जाते, कुलाब्याला आणि सांताक्रूझला. त्यामुळे आम्ही घरगुती सूत्र वापरतो. सांताक्रूझच्या आकड्यातून दोन वजा केले की भाईंदर. घोडबंदरच्या बाजूला राहणारे तीन वजा करतात, कारण त्यांना राष्ट्रीय उद्यानाचं जंगल लागून आहे. काशिमिऱ्यातल्या एका नव्या टॉवरचा दलाल चार वजा करतो, पण तो कार्पेट एरियातही अशीच हातचलाखी करतो.

नवघर गावातले एक जुने काका आमच्या कट्ट्यावर येऊन बसतात. त्यांच्यासमोर थंडीचा विषय जपून काढावा लागतो. १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, हा मुंबईचा विक्रम. त्याच महिन्यात कुलाब्याला ११.७ होतं. काकांचं म्हणणं, त्या विक्रमाच्या दिवशी नवघरला पाच होतं. ‘‘कोणी मोजलं?’’ विचारलं तर म्हणतात, ‘‘मोजायला हात बाहेर काढायचा कोणी?’’

एका गोष्टीबद्दल मात्र हवामान खात्याचे आभार मानले पाहिजेत. मैदानी मुलखात थंडीची लाट जाहीर करायला पारा १० अंशांवर यावा लागतो, डोंगरात शून्यावर. किनाऱ्यावरच्या लोकांना सवलत आहे. सरासरीपेक्षा साडेचार अंश कमी आणि १५ अंश किंवा त्याखाली, एवढं झालं की आमच्याकडे लाट. दिल्लीचा माणूस ज्या तापमानात अर्ध्या बाह्यांनी आईस्क्रीम खात उभा असतो, त्यात कुडकुडण्याची आम्हाला लेखी सरकारी परवानगी आहे. दिल्लीचे पाहुणे हसले की मी त्यांना हा नियम ऐकवतो. ते आणखी हसतात, पण नियम तो नियम.

थंडी पडल्यावर घरात पहिला वाद पंख्यावरून होतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, थंडी आहे तर पंखा बंद करावा. बाहेरच्या माणसाने आमच्या खाजणातले डास पाहिलेले नाहीत. तिवरांच्या बाजूला राहायचं तर पंखा पाचवर पाहिजे, नाहीतर रात्रभर टाळ्या वाजवत भजन केल्यासारखं होतं. म्हणून पंखा पाचवर, आणि पंख्याच्या वाऱ्याने थंडी वाजते म्हणून अंगावर रजई, आणि आईच्या अंगावर रजईवर गोधडी. ‘‘एक बटण बंद केलं तर दोन पांघरुणं वाचतील,’’ असा हिशोब मुलाने मांडला होता. त्याला एक रात्र पंखा बंद करून झोपवलं. आता तो हिशोब मांडत नाही.

घरातली दुसरी थंडी पायाखालून येते. चाळीत शहाबादी फरशी होती, तिच्यावर सतरंजी पसरून झोपलं तरी काही वाटत नव्हतं. इथे बिल्डरने गुळगुळीत चकचकीत टाइल्स घातल्या आहेत. डिसेंबरात पहाटे त्यांच्यावर अनवाणी पाय पडला की माणूस जागा होतो, चहा लागत नाही. आयुष्यभर ‘घरात चपला घालून काय फिरता?’ म्हणणारी आई आता स्वयंपाकघरात मोजे आणि वर स्लीपर घालून वावरते. देवघरापुढे तेवढ्या काढते आणि पूजा लवकर आटपते.

आमचा एक भाचा एडमंटनला आहे. डिसेंबरात व्हिडिओ कॉल केला की एक विचित्र दृश्य तयार होतं. त्याच्या खिडकीबाहेर उणे वीस आणि तो आत हाफ पँट आणि टी-शर्टमध्ये गार सरबत पीत बसलेला. इकडे आमच्या खिडकीबाहेर अठरा आणि आम्ही सगळे शाली, कानटोप्या, मफलर लावून सोफ्यावर एका ओळीत, शवागाराबाहेर थांबलेल्या नातेवाइकांसारखे. तो म्हणतो, ‘‘मामा, काय हे नाटक!’’ पण नाटक वगैरे काही नाही. त्याचं घर रात्रंदिवस एकवीस-बावीस अंशांवर तापवलेलं असतं. आमचं घर उकाड्यासाठी बांधलेलं आहे. खिडक्यांच्या फटीतून वारा यावा, हाच त्यातला एकमेव गुण. म्हणजे भिंतींच्या आत, एडमंटनपेक्षा भाईंदरला जास्त थंडी असते. मी हे त्याला समजावून सांगितलं. तो कचरा टाकायला बाहेर जातो तेव्हा चार थर कपडे चढवतो, असं त्याच्या बायकोने मागून ओरडून सांगितलं, पण तो मुद्दा वेगळा आहे.

खरा तमाशा लोकलमध्ये. हिवाळ्यात चर्चगेटला उतरणारा माणूस कुठून बसला, हे त्याच्या कपड्यांवरून ओळखता येतं. स्वेटर, मफलर आणि कानटोपी असेल तर विरार. स्वेटर आणि गळ्याभोवती रुमाल असेल तर भाईंदर किंवा मीरा रोड. बिनबाह्यांचा स्वेटर म्हणजे बोरिवली. पूर्ण बाह्यांचा शर्ट म्हणजे अंधेरी. दादरला चढणारा नेहमीसारखाच, हाताने वारा घेत. अडचण अशी की सकाळी साडेसहाला भाईंदरला जी लोकर गरज असते, ती आठला चर्चगेटला जोखीम होते. फलाटावर शेकडो माणसं एकाच वेळी डोक्यातून स्वेटर काढत असतात. मग दिवसभर तो खुर्चीला टांगायचा, आणि साहेब विचारतो, ‘‘कुठे महाबळेश्वरला गेला होता का?’’

गर्दीबद्दल वर्षाचे दहा महिने तक्रार करणारी माणसं या दिवसांत विरार फास्टकडे वेगळ्या नजरेने पाहतात. एरवी त्या गाडीत भाईंदरवाल्याने पाय ठेवला की आतले विरारकर त्याला भाडेकरूकडे घरमालक पाहतो तसे पाहतात. डिसेंबरात मात्र दारात लटकणाऱ्याला सगळे आत सरकून जागा देतात. तो जितका दार अडवील तितका वारा कमी लागतो. चौथ्या सीटसाठी भांडणं होत नाहीत. खिडकीची सीट रिकामी राहते आणि तिच्यावर एखादा नवखा जाऊन बसला की आख्खा डबा त्याला एकसुरात सांगतो, ‘‘काच खाली घ्या!’’ पश्चिम रेल्वेची पहिली एसी लोकल धावली २५ डिसेंबर २०१७ ला, ऐन नाताळात. तेव्हापासून हिवाळ्यात एक वर्ग जादा पैसे भरून, आत जाऊन, स्वेटरची बटणं लावतो. बाहेर तीच थंडी फुकट चालू असते.

नोव्हेंबर लागला की भाईंदरला आरोग्याची साथ येते. जेसल पार्क चौपाटीवर खाडीच्या कडेने पहाटेपासून माणसं चालायला लागतात. चालणाऱ्यांत तीन प्रकार. खरे चालणारे, ते अंधारात येऊन जातात आणि कोणाला दिसत नाहीत. डॉक्टरांनी पाठवलेले, ते पायांकडे बघत चालतात. आणि नवीन बूट घेतलेले. या तिसऱ्या प्रकारामुळे चौपाटी डिसेंबरभर फुललेली असते आणि संक्रांतीनंतर ओस पडते. खाडीवर पांढरा पडदा पसरलेला असतो, त्यातून नायगावकडची गाडी पुलावर नुसती ऐकू येते, आणि लोक छाती भरून श्वास घेत म्हणतात, ‘‘वा! काय धुकं पडलंय!’’ आता धुकं थोडं असतंही. पण हिवाळ्यात जमिनीलगतची गार हवा जड होऊन खालीच बसते, वर उठत नाही, आणि तिच्यात जे सोडाल ते तिच्यातच राहतं. आमच्याकडे सोडायला भरपूर असतं: एका बाजूला रस्ता खणलेला, दुसऱ्या बाजूला मेट्रोचं काम, तिसऱ्या बाजूला तेवीस मजली इमारत, आणि कडेला शेकोटीत जळणारं प्लॅस्टिक. तेव्हा छाती भरून आत जातं त्यात धुकं किती आणि सिमेंट किती, हे ज्याने त्याने आपल्या खोकल्यावरून ठरवावं.

त्याच खाडीवर सीगल येतात. लडाख-तिबेटच्या पठारावर तलावांकाठी उन्हाळा काढून, हिमालय ओलांडून ते ऊब घ्यायला इथे येतात. ऊब घ्यायला! कानटोपीत गुंडाळलेला, हात काखेत दाबलेला भाईंदरकर त्यांना गाठ्या टाकत उभा असतो, आणि लडाखचा पक्षी त्याच्यासमोर उघड्या पायांनी पाण्यात बसून, ‘काय सुखाची हवा आहे’ अशा चेहऱ्याने तरंगत असतो. दोघेही एकमेकांना वेडा समजत असावेत. जाता जाता सांगायला हवं, गाठ्या पक्ष्यांच्या पोटाला चांगल्या नसतात. माणसांच्याही नसतात, पण त्या आम्ही सोबत जिलबी घेऊन खातो.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी भाईंदरची बाजू छातीठोकपणे घेईन. गिरगावात हिवाळा म्हणजे डिंकाचे लाडू आणि फार तर बाजरीची भाकरी. इथे एका गावात चार हिवाळे आहेत. भाईंदर पश्चिमेला गुजराती-मारवाडी वस्तीत उंधियूच्या पाट्या लागतात. सुरती पापडी, कंद, रताळं, मेथीचे मुठिये आणि वर तेलाचा इतका जाड थर की थंडीला आत शिरायला वाव नाही. मीरा रोडच्या नया नगरमध्ये पहाटे पाया आणि निहारीची पातेली उघडतात. राई, मुर्धा, मोर्व्याच्या बायका टोपल्यांतून वालाच्या शेंगा आणि मुळे आणतात. त्यांच्याशी भाव करायला जाऊ नये, त्या आपल्यालाच विकून टाकतील. आणि उत्तनला कोळीवाड्यात वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. कोरडा वारा आणि कोवळं ऊन, बोंबलांना हेच लागतं. नाताळ जवळ आला की एकीकडे अंगणात बोंबील आणि दुसरीकडे ओट्यावर येशूचा गोठा सजवणारी पोरं, चांदण्या टांगलेल्या, आणि सगळ्यावर एकच दणदणीत वास. आमच्या सोसायटीतले शाकाहारी या वाऱ्याची दिशा फार बारकाईने पाहतात. मांसाहारीही पाहतात, पण वेगळ्या कारणासाठी.

डिसेंबरात एका रविवारी आत्या आणि मंडळी आमची थंडी बघायला आली. आम्ही आठवडाभर तयारी केली होती. गच्चीवर शेकोटीची परवानगी, सेक्रेटरींच्या सहीनिशी. लाडू, उंधियू, आल्याचा चहा. गिरगावकर सुट्टीच्या दिवशी निवांत निघतो. ते पोचले साडेअकराला, आणि तेव्हा भाईंदरला बत्तीस अंश होते. आमची थंडी पहाटे चार ते सकाळी आठ एवढ्याच वेळात भेटते. पुढे ऊन चढतं, दुपारी समुद्रावरून वारा सुटेपर्यंत मे महिन्याची आठवण येते. रुमालाने मान पुसत आत्या म्हणाली, ‘‘कुठाय रे?’’

‘‘मुक्काम करावा लागेल,’’ मी म्हणालो.

ती राहिली. पहाटे साडेचारला मी तिला उठवायला गेलो तर ती आधीच उठून खिडकीशी बसली होती, अंगावर दोन चादरी आणि वर माझ्या बायकोची शाल. ‘‘आहे रे आहे,’’ ती म्हणाली. मग थोडा विचार करून, ‘‘पण हे खाडीमुळे असणार. आमच्या चौपाटीलाही पहाटे जाऊन बसलं तर असंच लागतं.’’ जाताना मात्र तिने तपकिरी स्वेटर परत मागून घेतला.

तरीही भाईंदरची थंडी हा सर्वमान्य विषय होईल, अशी आशा मला होती. ऑफिसात दुपारी जेवताना मी तो हळूच काढला. ‘‘काल आमच्याकडे सोळा असेल.’’

लगेच विरारवाला म्हणाला, ‘‘भाईंदरला कसली थंडी? आमच्याकडे या.’’ हे अपेक्षित होतं. उत्तरेच्या उत्तरेला नेहमी कोणीतरी असतंच. पण डहाणूवाला गप्प बसला होता. त्याच्या गावाला सरकारी वेधशाळा आहे, आकडा रोज छापून येतो, आणि तो आकडा कधी कधी सांताक्रूझपेक्षाही जास्त असतो. डहाणू पडलं समुद्राला चिकटून. समुद्र रात्री पारा फार उतरू देत नाही. म्हणजे वर वर जात राहिलं की थंडी वाढते, या सिद्धांताला तिथेच भोक पडत होतं. मी विषय बदलणार, इतक्यात टेबलाच्या टोकाला डब्यातली भेंडी निवांत खात बसलेला माणूस म्हणाला, ‘‘आमच्याकडे आज बारा होतं.’’

‘‘कुठे?’’

‘‘बदलापूर.’’

सगळे थांबले. बदलापूर उत्तरेला नाहीच. ते पूर्वेला आहे, समुद्रापासून लांब, डोंगरांच्या पायथ्याशी. रात्री तिथली जमीन मनमुराद गार होते आणि वरचा गारठा खाली उतरून बसतो. थंडीसाठी उत्तर लागत नाही, समुद्रापासून अंतर लागतं, हे त्याने आम्हाला शांतपणे समजावलं. विरारवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी विरारवाल्याकडे. इतकी वर्षं एकमेकांना डब्यात शिरू न देणारे आम्ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला होतो. हरायला हरकत नव्हती. पण मध्य रेल्वेकडून?

‘‘फोटो आहे,’’ बदलापूरवाला म्हणाला आणि मोबाइल पुढे केला. थर्मामीटरचा फोटो होता. बारा पॉइंट एक.

डिंकाचे लाडू मी सगळ्यांना वाटायला आणले होते. त्याच्यापर्यंत डबा पोचायच्या आत मी झाकण लावलं.